चांदणीचा पान्हा आणि गयाबाईंचा नेम

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईला मी डॉक्टर असल्याचं कळलं, की पहिला घास घ्यायच्या आत ती आपला गुडघा माझ्यापुढे करते. मी सांगते, "अहो, मी गुरांची डॉक्टर." बाई क्षणभर विचार करते आणि म्हणते, "असू द्या हो, गुडघा तो गुडघाच." सगळी नोकरी नगर जिल्ह्यात गोठ्यागोठ्यांतून काढल्यावर माझंही मत साधारण तेच झालं आहे. गुडघ्याचं मी सांगू शकत नाही, पण राग, भीती आणि माया ह्या तीन गोष्टी चार पायांवर आणि दोन पायांवर सारख्याच चालतात. ह्यावर माझे यजमान म्हणतात की तू माणसांत फार कमी राहिलीस. ते बँकेत होते, त्यांना काय माहीत.

शरीर म्हणजे मोठा बारदाना असतो. पोट, काळीज, कास, पाय, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि सगळ्यांना एकाच वेळी एका दिशेला हाकायचं. त्यासाठी निरोप धाडायच्या दोन तऱ्हा आहेत. एक मज्जातंतूंची. ती फोनसारखी: इकडे बोट भाजलं, तिकडे मेंदूला कळलं, हात मागे आला, संपलं. दुसरी संप्रेरकांची, ज्यांना तुम्ही हॉर्मोन्स म्हणता. ती दवंडी. ग्रंथीतून रक्तात सुटते, रक्ताबरोबर गावभर फिरते, ऐकू सगळ्यांना येते, पण ज्याच्या नावाची असेल तोच उठतो. फोन लगेच लागतो आणि लगेच बंद होतो. दवंडीला पोचायला वेळ लागतो, पण ती मागे रेंगाळते.

हे मला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं आणि कर्जतला एका वळूने अर्ध्या मिनिटात समजावलं. त्याचं दावं तुटलं, त्याने मान खाली घातली, आणि पुढच्या क्षणी मी दवाखान्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली होते. कशी चढले ते मला आजही सांगता येणार नाही. वळूला धरून बांधलं, लोकांनी मला "या खाली" म्हटलं, तर मला उतरता येईना, शेवटी शिडी आणावी लागली. चढवलं ते मज्जातंतूंनी आणि भीतीच्या संप्रेरकाने मिळून. वळू शांत होऊन कडबा खायला लागला तरी ते माझ्या रक्तात फिरतच होतं. शिपायाने चहा दिला तो अर्धा बशीत, अर्धा साडीवर गेला. वळूपेक्षा त्या साडीचंच मला जास्त वाईट वाटलं.

पण माझी खरी आवड पान्हा. शहरात वाढलेल्यांसाठी सांगते, कारण मीही त्यांतलीच. नगरच्या आमच्या घरात दूध पिशवीतून यायचं आणि ते गायीत असतं तेव्हा नळाच्या पाण्यासारखं असतं, चावी फिरवली की येतं, असा माझा समज होता. तसं नाही. कास दुधाने तट्ट भरलेली असली तरी गायीने ते सोडावं लागतं. सडाला हात लागला, की तिथून मज्जातंतूंचा फोन मेंदूला जातो. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी आहे, तिच्यातून दवंडी सुटते, मिनिटाभरात ती कासेत पोचते, आणि दूध साठवलेल्या बारीक बारीक कप्प्यांभोवतीचे स्नायू ते दूध खाली पिळतात. ह्याचं नाव पान्हा. तो चारपाच मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार काढून घ्यायची. आणि गाय घाबरली, बावरली, तर भीतीची दवंडी आधी सुटते आणि ही दुसरी वाटेतच अडते. मग शेतकरी म्हणतो, गायीने पान्हा चोरला. चोरत बिचारी काहीच नाही, तिच्या हातात नसतं ते.

गंमत पुढे आहे. फोन फक्त सडावरूनच लागतो असं नाही. बादलीचा आवाज, पेंडीचा वास, रोजच्या माणसाची चाहूल, रोज धारेच्या वेळी जे जे घडतं ते सगळं गाय त्या फोनला जोडून घेते. कर्जतला एक म्हैस होती, ती फक्त मालकिणीला दूध द्यायची. मालकीण बाळंतपणाला गेली, तेव्हा मालकाने तिचं लुगडं नेसून धार काढायला सुरुवात केली. म्हशीची काही तक्रार नव्हती. तक्रार आली ती धाकट्या भावाला बघायला आलेल्या पाहुण्यांची, कारण त्यांचं स्वागत मिशा आणि हिरवं लुगडं असलेल्या माणसाने डोक्यावरचा पदर सावरत केलं. सोयरीक जमली बरं का. पाहुण्यांकडेही म्हैस होती.

आता मूळ गोष्ट.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, तेव्हा मी राहाता तालुक्यात होते. पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या बाजूला एक वस्ती आहे, वस्ती म्हणजे शेतातलं एकटं घर. तिथे तीन माणसं राहायची: गयाबाई, त्यांचा मुलगा भाऊसाहेब आणि सून मंगल. चौथी चांदणी, काळीपांढरी संकरित गाय, कपाळावर चांद. ही चांदणी कालवड असताना मंगलच्या वडिलांनी लेकीला लग्नात दिलेली. पुढे ते गेले, माहेरी कोणी उरलं नाही, आणि माहेरचं म्हणावं असं मंगलकडे ह्या गायीशिवाय काही राहिलं नाही.

श्रावण लागला होता. भाऊसाहेबाचा फोन आला, "म्याडम, चांदणीनं पान्हा चोरायला सुरुवात केलीय. तांब्याभर देती अन थांबती." मी संध्याकाळच्या धारेला गेले. गाय खणखणीत होती. ताप नाही, कासेत गाठ नाही, दगडी नाही (कास सुजून दगडासारखी होते त्या रोगाला इकडे दगडी म्हणतात). खाणंपिणं, रवंथ, सगळं व्यवस्थित. आणि कास तर इतकी भरलेली की बघूनच अवघडल्यासारखं व्हावं. मंगल धारेला बसली, चार धारा आल्या आणि बंद.

"किती दिवस असं?"

"पंधरा-वीस दिस झालं," भाऊसाहेब म्हणाला. मग त्याने खिशातून एक बाटली अर्धीच बाहेर काढली. "एकानं हे दिलंय. टोचलं का लगीच सोडती म्हनं."

ती बाटली मी ओळखते. पान्ह्याची दवंडीच बाटलीत भरलेली असते, आणि डॉक्टरने अडलेल्या गायीसाठी वापरायचं ते औषध लोक रोज सकाळ-संध्याकाळ टोचतात. गाय सोडते, खरं आहे. पण थोड्या दिवसांनी ती सुईशिवाय सोडेनाशी होते. तिच्या आतला फोन वाजतच नाही. अशा गायी मी पुष्कळ पाहिल्या. सुई घेऊन येणारा दिसला की त्यांचं अंग आधी थरथरायचं आणि मग दूध यायचं. ते मला सगळीकडे थांबवता आलं नाही, ह्याचं दुःख मी घरी घेऊन आले आहे आणि ते काही जात नाही.

मी बाटली माझ्या पिशवीत टाकली. भाऊसाहेबाने वाद घातला नाही. तो कशाचाच वाद घालत नसे. एवढंच म्हणाला, "मंग इलाज न्हाई म्याडम. उद्याच्या बाजाराला टेम्पो सांगितलाय. भरली कास अशीच ठेवली तर दगडी हुईल, मंग कोन घेनार तिला."

मंगल गायीच्या पोटाला कपाळ टेकून तशीच बसून राहिली, हात सडांवर, धार नाही. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी दुसरी एक गोष्ट लक्षात आली: गोठ्यात भयंकर शांतता होती. गोठ्याच्या दारात गयाबाई पोत्यावर बसून शेंगा फोडत होत्या. ह्या बाईचा आवाज मी ओळखून होते, कारण मागे लस टोचायला आले होते तेव्हा तो मला पार कालव्यापासून ऐकू आला होता. आज त्या बोलतच नव्हत्या.

"आईंची तब्येत बरी नाही का?" मी हळूच विचारलं.

"बरी हाय की," भाऊसाहेब म्हणाला. "नेम हाय तिचा. चातुर्मासाचा."

चातुर्मासात आपल्याकडे काहीतरी सोडतात. कुणी कांदा-लसूण, कुणी वांगं, कुणी गोड. गयाबाईंनी एका वर्षी वांगं सोडलं होतं, पुढच्या वर्षी चहा. यंदा त्यांनी सुनेशी भांडण सोडलं होतं, आणि भांडणाशिवाय सुनेशी बोलायची सवयच नसल्याने बोलणंच बंद झालं होतं. आषाढी एकादशीला देवापुढे हात जोडून, कार्तिकीपर्यंत.

मला आधी हसू फुटलं आणि मग माझ्याच अंगावर काटा आला. मी मंगलला विचारलं, "रोज धारेच्या वेळी काय व्हायचं गं?"

तिने मान न वळवता सांगितलं, "बादली उचलली का आत्याबाई सुरू व्हायच्या. बादली घासली का. पेंड लई टाकली. पदर खोच. धार सपली का त्या बी थांबायच्या."

"आणि चांदणी पहिल्यांदा व्याली ती इथेच?"

"हितंच. तिन्ही वेतं हितंच."

झालं. ह्या गायीने पहिल्या दिवसापासून जी धार दिली ती गयाबाईंच्या तोंडाच्या पट्ट्यावर दिली. आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली की भूक लागते, तसं तिच्या मेंदूने ते बोलणं पान्ह्याला जोडून ठेवलेलं. आवाज गेला आणि फोन लागेनासा झाला. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं, मेंदू, ग्रंथी, दवंडी, सगळं. भाऊसाहेब तोंड उघडं टाकून ऐकत होता. गयाबाई शेंगा फोडत होत्या.

"तर गयाबाई," मी म्हटलं, "औषध तुमच्याकडे आहे. थोडं भांडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "देवापुढं सोडलेलं परत तोंडात घ्यायचं व्हय? तुमच्यात चालत आसंल. आमच्यात न्हाई."

मग आम्ही जे केलं ते खात्याच्या कुठल्याच अहवालात बसलं नसतं. मी भाऊसाहेबाला म्हटलं, तू बायकोला बोल. तो गोठ्याच्या मधोमध उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "ही बादली काय नीट न्हाई." मंगल म्हणाली, "नीट हाय." तो म्हणाला, "मंग आसंल." एवढ्यावर त्याचं भांडण संपलं. चांदणीने शेपटी हलवून माशी उडवली.

शेवटी मीच पुढे झाले. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, आमच्या घरात संतापाची हद्द म्हणजे 'बरं' हा शब्द जरा लांबवून म्हणणं. तरी मी कंबरेवर हात ठेवले आणि शक्य तेवढ्या कर्कश आवाजात मंगलला म्हटलं, "अगं, ही काय धार काढायची पद्धत झाली? तुला काही वळण आहे की नाही? बादली नीट धर." चांदणीने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मला गप्प बसावं लागलं. दारातला शेंगा फोडायचा आवाजही थांबला होता. मला वाटलं गयाबाईंना हसू येतंय. अंधार पडायला लागला म्हणून मी निघाले.

घरी जाऊन यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू आता निवृत्ती घेच."

सकाळी मी परत गेले. खरं तर माझ्याकडे काही इलाज नव्हता, फक्त टेम्पो येण्याआधी आणखी एकदा प्रयत्न करायचा होता. टेम्पो माझ्या आधी आलेला होता. ड्रायव्हर गोठ्याच्या कुडाला टेकून तंबाखू मळत होता. भाऊसाहेब दावं हातात घेऊन उभा होता, आणि मंगल म्हणाली होती की शेवटची धार मी काढणार. तिचे डोळे सुजलेले. ती बादली घेऊन खाली बसली. चार धारा आल्या आणि बंद.

मी गोठ्यात पाय टाकला.

"आँ, आल्या डॉक्टरीनबाई," दारातून आवाज आला. "पायातलं भाईर काढायचं शिकवलं न्हाई का कॉलेजात? श्यान झाडलंय पहाटं माझ्या सुनंनं. आन ह्या बाई बूट घालून आत."

मी चमकून मागे पाहिलं. गयाबाई उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात माझ्या रोखाने.

"गयाबाई, तुमचा नेम..."

"नेम सुनंपुरता हाय. तुमच्याबद्दल देवाला मी कायबी कबूल केलं न्हाई." त्या एक पाऊल पुढे आल्या. "काल काय म्हनली तू माझ्या सुनंला? वळन न्हाई? बादली नीट धर? तू सांगनार तिला बादली धरायला? तुला येती का गं धार काढता?"

अहोजाहो गेलं होतं. मी खरं ते सांगितलं, "बरी येत नाही."

"मंग? पंचकोशीत एवढी हालक्या हाताची बाई हुडकून दाव मला. गाय कदी लाथ मारत न्हाई तिला. सासरा आजारी पडला, तर पोटच्या लेकीगत केलं तिनं. मी येवढं बोलती, कदी उलटून शबूद न्हाई. आन तू, कोन कुठली, माझ्या दारात यून माझ्या सुनंला बोलती? तिला बोलायचं तर मी बोलीन."

त्या रागावल्या होत्या, अगदी खऱ्या रागावल्या होत्या, आणि माझ्या अंगात पुन्हा कर्जतच्या वळूची भीती संचारली. आजूबाजूला भिंत नव्हती. तेवढ्यात मागून तो आवाज आला. रिकाम्या बादलीच्या तळावर जाड धार पडते तेव्हा खणखण वाजते, मग बादली भरत जाते तसा आवाज घट्ट होत जातो. मंगलचे दोन्ही हात चालू होते. चांदणीने डोळे अर्धे मिटले होते आणि रवंथ सुरू केली होती. भाऊसाहेबाच्या हातून दावं खाली पडलं.

ड्रायव्हरला ह्यातलं काहीच कळलं नाही. "मावशी," तो म्हणाला, "तेवढी गाय न्यायची का न्हाई ते सांगा. मला अजून दोन वस्त्या करायच्यात."

"तुझ्याबद्दल बी कायी कबूल केलं न्हाई मी," गयाबाई त्याच्याकडे वळल्या. "थुकला कुठं तू? कुडाच्या मुळाशी? आन तोंड वर करून गाय मागतो." पाच मिनिटांच्या आत टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. जाताना त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

मी मात्र जागची हलले नाही, हलायची हिंमतच नव्हती. शिवाय पान्हा चार-पाच मिनिटांचा, तेवढा वेळ बोलणं चालू राहायला हवं होतं. मी म्हटलं, "मग गयाबाई, एवढी सून चांगली तर नेम कशाला करावा लागला?"

त्या थांबल्या. मला वाटलं, गेलं सगळं. मग त्या बोलल्या, आवाज तेवढाच मोठा, बोट माझ्याचकडे, पण पट्टी जरा उतरलेली. "कशाला म्हनजे? आखाडात मी तोंडानं घान केली म्हनून. हिच्या गायीला हडकुळी म्हनले. म्हनले, तुज्या बापाला दुसरं काय जमलं न्हाई म्हनून ही हडकं बांधली आमच्या दावनीला. मेलेल्या मानसाला बोलले मी. ही पोर त्या दिशी जेवली न्हाई. आन तो मानूस कसा हुता सांगू का तुला? सवताच्या दावनीची सगळ्यात चांगली कालवड सोडून दिली त्यानं लेकीला. दुसरी ठिवून घेतली, बारकी. मी सोता पाहिलं. टेम्पोत चढवताना त्यो तिच्या पाठीवरनं हात फिरवीत हुता, कुनी बघू नये असा. त्याला नाव ठिवायची माझी लायकी न्हाई. हे तुला सांगती मी, डॉक्टरीनबाई. तुला."

गोठ्यात धारेचा आवाज चालू होता. मंगलचं कपाळ गायीच्या पोटाला टेकलेलं होतं आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून, हनुवटीवरून सरळ खाली येत होतं. तिला ते पुसता येत नव्हतं. पान्हा असेपर्यंत हात काढायचा नसतो, हे तिला तिच्या वडिलांनीच शिकवलं असणार. कुठली ग्रंथी, कुठलं संप्रेरक, सगळं मला पाठ होतं आणि त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग नव्हता. भाऊसाहेब तर उघड नाक ओढत होता.

गयाबाई दमल्या होत्या. त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि तोंड पुसलं. "झालं का गं तुझं?" त्या म्हणाल्या. पंधरा-वीस दिवसांत त्या सुनेशी पहिल्यांदा बोलल्या असाव्यात, आणि त्यात भांडण नव्हतं.

मंगलने मान वर केली नाही. हुंदका गिळून ती म्हणाली, "न्हाई आत्याबाई. मागची दोन सडं ऱ्हायलीत. बापाचं काय म्हनला ते पुन्यांदा म्हना. त्यो कालवडीवरनं हात फिरवीत हुता ते."

गयाबाई माझ्याकडे वळल्या, बोट उचललं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लागल्या. मी जरा वाकून पाहिलं. बादली काठापर्यंत भरली होती, वर फेस आला होता, आणि चारी सडं केव्हाच मोकळी झाली होती.